पसारा आवरताना दमतं ते डोकं

घर झाडणं, पुसणं, खिडक्या घासणं ही शरीराच्या हिशेबात मध्यम व्यायामाची कामं. स्वस्थ बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्याच्या साधारण तिप्पट ते साडेतीनपट या कामांना लागते. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालायलाही जवळपास तेवढीच लागते. म्हणजे रोज तासभर चालणारा माणूस तासाभराच्या साफसफाईने गळून जायला नको. फरशी पुसून तो गळतही नाही. तो गळतो एखादा खण उघडल्यावर. जुनी बिलं, जोडी हरवलेला मोजा, केव्हाच बंद पडलेल्या यंत्राचा चार्जर, कुणीतरी प्रेमाने दिलेली आणि कधीही न वापरलेली फुलदाणी. यातलं काहीच जड नसतं, तरी हात थांबतो.

‘साफसफाई’ या एका नावाखाली आपण दोन निराळी कामं उरकायला जातो. एक म्हणजे धूळ हलवणं. त्याचे नियम भौतिकशास्त्राचे. दुसरं म्हणजे काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवणं. ते मानसशास्त्राच्या प्रांतात येतं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच दमात करायला गेलं की संध्याकाळी पलंगावर ढीग असतो आणि घरातली माणसं एकमेकांवर खेकसत असतात.

आधी ठरवण्याचं काम पाहू, कारण खरा ताण तिथेच आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात काही जणांना साधे कॉफीचे मग देऊन टाकले आणि ते केवढ्याला विकाल असं विचारलं. ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना विचारलं, केवढ्याला विकत घ्याल? विकणाऱ्यांची मधली किंमत ७.१२ डॉलर आली, घेणाऱ्यांची २.८७. दोन्हीकडे मग एकसारखेच होते, ते कुणाला मिळावेत हेही निव्वळ योगायोगाने ठरलं होतं. पण वस्तू हातात आली की ती सोडणं आपल्याला तोटा वाटतं, आणि तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोटा जास्त बोचतो. काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगाची ही कथा, तर दहा वर्षं कपाटात असलेल्या फुलदाणीचं काय सांगावं!

यातून एक उपयोगी युक्ती निघते. जोन पेक आणि सुझान शू यांनी २००९ साली दाखवलं की वस्तूला नुसता हात लावला तरी ती आपली असल्याची भावना वाढते. तेव्हा शक्य असेल तर वस्तू दुसऱ्या कुणीतरी उचलून दाखवावी आणि मालकाने लांबूनच ‘ठेव’ किंवा ‘काढ’ सांगावं. प्रश्नही बदलावा. ‘हे टाकू का?’ असं विचारलं की मन तोटा मोजू लागतं. ‘हे आज दुकानात दिसलं तर पैसे देऊन घेईन का?’ असं विचारलं की आपण विकणाऱ्याच्या जागेवरून उठून घेणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो.

आठवणींच्या वस्तूंवर मात्र ही मात्रा चालत नाही. बाळाचं झबलं आज विकत कोण घेईल? तिथे २०१७ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन कामी येतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांमध्ये जुन्या वस्तू दान करण्याची मोहीम ठेवली होती. काही वसतिगृहांत नेहमीचंच आवाहन होतं. बाकीच्यांत सांगितलं होतं, की भावनिक वस्तूंचा फोटो काढून ठेवा आणि मग वस्तू द्या. पहिल्या गटाकडून ५३३ वस्तू आल्या, दुसऱ्याकडून ६१३. फरक पंधरा टक्क्यांचा, म्हणजे चमत्कार नव्हे. पण त्यामागचा तर्क मला पटतो: आपण धरून ठेवतो ती आठवण, आणि ती फोटोतही टिकते. (ते फोटो मग फोनमध्ये पसारा करतात, ती गोष्ट वेगळी. निदान त्यांच्यावर धूळ तरी बसत नाही.)

काही माणसांना मात्र हे ठरवणं खरोखरच जमत नाही. डेव्हिड टोलिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली साठवणुकीचा विकार असलेल्यांच्या मेंदूची प्रतिमा घेत त्यांना स्वतःच्या घरचे कागद दाखवले आणि ठेवायचे की यंत्रात घालून फाडायचे, ते ठरवायला सांगितलं. कागद स्वतःचा असला की त्यांच्या मेंदूतले दोन भाग निरोगी माणसांपेक्षा बरेच जास्त चेतवले जात. एखाद्या गोष्टीचं महत्त्व जोखणं आणि चूक होतेय असं वाटणं, या दोन्हींशी या भागांचा संबंध मानला जातो. हा विकार २०१३ पासून अमेरिकी मनोविकार-सूचीत स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. असं कुणी घरात असेल तर त्यांच्या पाठीमागे वस्तू फेकून देऊ नयेत. त्याने विश्वास तुटतो आणि साठवण थांबत नाही. तिथे गरज असते ती उपचारांची.

मग आवरायचं किती वेळ? ‘निर्णय घेऊन घेऊन इच्छाशक्तीची टाकी रिकामी होते’ हे वाक्य आजकाल सगळीकडे ऐकू येतं. त्याचं मूळ १९९८ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात आहे. पण २०१६ साली तेवीस प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर ही कल्पना तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्यामुळे टाकीबिकीच्या भानगडीत मी पडणार नाही. थोडं थोडं आवरण्याचं माझ्या मते अधिक भक्कम कारण दुसरंच आहे: आपले वेळेचे अंदाज साफ चुकतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले ५५.५. ‘दुपारपर्यंत अख्खं कपाट होईल’ हा अंदाज त्याच जातीचा. म्हणून सगळं बाहेर काढून मग निवडायचं, हा लोकप्रिय सल्ला मला अघोरी वाटतो. एकच खण काढावा, तो पुरता मार्गी लावावा, आणि मगच दुसऱ्याला हात घालावा. कुठेही थांबलं तरी घर राहण्याजोगं असतं.

अर्धवट पडलेलं काम नुसतं डोळ्यांनाच खुपतं असं नाही. डार्बी सॅक्सबी आणि रीना रेपेटी यांनी लॉस एंजेलिसमधल्या तीस जोडप्यांना आपलं घर फिरून दाखवायला लावलं आणि त्यांचे शब्द टिपले. कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरत जातं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अपुरी कामं वारंवार आली, त्यांच्यात हा उतार सपाट दिसला. नवऱ्यांमध्ये तसं ठळक काही आढळलं नाही. २०१० सालचा हा अभ्यास लहान आहे, आणि पसाऱ्यामुळे ताण येतो की ताणलेल्या माणसाला पसारा अधिक दिसतो, हे त्यातून ठरत नाही. पण ते अपुरं काम शेवटी कुणाच्या अंगावर पडणार, हे त्या घरांत कुणाला ठाऊक होतं, याचा तर्क करायला प्रयोगशाळा लागत नाही.

आता धूळ. इथे मन वळवावं लागत नाही, फक्त गुरुत्वाकर्षणाला वेळ द्यावा लागतो. स्थिर हवेत १० मायक्रोमीटरचा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर खाली येतो. २ मीटर उंचीवरून जमिनीवर पोचायला त्याला दहा-अकरा मिनिटं लागतात. १ मायक्रोमीटरच्या कणाला तेच अंतर कापायला पंधरा तासांहून अधिक लागतात, आणि पंखा चालू असेल तर तो तरंगतच राहतो. कोरड्या फडक्याने झटकलेली धूळ म्हणजे काढलेली धूळ नव्हे; तिला फक्त हवेत पाठवलेलं असतं. म्हणून फडकं ओलसर हवं, काम वरून खाली हवं आणि खिडक्या उघड्या हव्यात. पांघरुणं नि उशांचे अभ्रे ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुतले तर धुळीतले माइट नावाचे अतिसूक्ष्म जीव मरतात. त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं ॲलर्जी आणतात, तीही धुऊन जातात.

साफसफाईच्या रसायनांचे फवारे मात्र जपून. नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली ६,२३५ लोकांची सुमारे वीस वर्षांची माहिती मांडली. घरी किंवा नोकरी म्हणून साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा लवकर घटत होती. बहुतेक डागांना साबणाचं पाणी पुरतं. ब्लीचमध्ये आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर पडला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया पडला तर क्लोरामाइन हा विषारी वायू. हे मिश्रण कुठेच करू नये, बंद न्हाणीघरात तर मुळीच नाही.

कामाचा क्रम यातूनच ठरतो. खण-कपाटांची निवड आज करावी, कारण वस्तू हलल्या की धूळ उडणारच. रात्रभर पंखे बंद ठेवले तर उडालेल्यापैकी बरीचशी आपोआप खाली बसते, आणि ओलं फडकं दुसऱ्या दिवशी सकाळी हातात घेतलं तरी चालतं.