असंपीडित रास्टर चित्रफाइल

चित्रातील प्रत्येक पिक्सेलचे मूल्य न दाबता, ओळीमागून ओळ साठवणारी फाइल. बीएमपी, पीपीएम, टीजीए हे प्रचलित प्रकार. टिफ हे केवळ वेष्टन. कॉम्प्रेशन (दाबणे) कसे आहे ते सांगणाऱ्या टॅग २५९ चे मूल्य १ असेल तरच ते या गटात मोडते. नावापुढचे एक्स्टेन्शन पुरावा धरू नये: सुरुवातीला एफएफ डी८ हे बाइट (येथे बाइट षोडशमान अंकांत लिहिले आहेत) असल्यास नाव काहीही असो, ती जेपीईजी असते.

बीएमपीचा उगम कोठे धरावा, हे बीएमपी कशाला म्हणायचे यावर ठरते. विंडोजच्या पहिल्या आवृत्तीतील बिटमॅप त्या त्या पडद्याला बांधलेले होते. १२ बाइटांचे माहिती-हेडर (चित्राचे मोजमाप सांगणारा आरंभीचा भाग) ओएस/२ या संचालन प्रणालीबरोबर, साधारणतः १९८० च्या दशकाअखेरीस आले. ४० बाइटांचे १९९० च्या विंडोज ३.० मध्ये. आजच्या बहुतेक फायलींचा सांगाडा या दुसऱ्याचाच असल्याने वंशावळ तेथून मांडणे सोयीचे.

समजा, कोल्हापुरात करवीर दरबारचा एक मोडी कागद ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके), २४ बिट रंगात स्कॅन करून २४८१ × ३५०८ पिक्सेलचा बीएमपी केला. आरंभी ४२ ४डी, म्हणजे रोमन ‘बीएम’. ही खूण दोनच बाइटांची, म्हणून फसवी. शून्यापासून मोजता १४ व्या बाइटापासून २८ ०० ०० ००, म्हणजे ४०, आणि ३० व्यापासून चार शून्ये (कॉम्प्रेशन नाही) हेही पाहावे. १८ व्यापासून रुंदी: बी१ ०९ ०० ००, कमी स्थानमूल्याचा बाइट आधी. एका ओळीचे ७४४३ बाइट होतात, पण ओळ चारच्या पटीत हवी, म्हणून एक भरीचा बाइट. एकूण ७४४४ × ३५०८ + ५४ = २,६१,१३,६०६ बाइट. भर विसरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मोडीची आधी ओढलेली आडवी रेघ आडवीच दिसते, कागदाची उभी कड मात्र वर जाताना उजवीकडे कलते आणि रंगही ओळीगणिक फिरतात. ओळी सहसा खालून वर, रंग निळा-हिरवा-लाल. हा क्रम चुकला की हळदीचा पिवळा आकाशी होतो.

पीपीएमचे हेडर वाचता येते: ‘पी६’, रुंदी, उंची, कमाल मूल्य. त्यानंतर एकच रिकामे चिन्ह चालते. विंडोजच्या धर्तीवर ओळ संपवणारी दोन चिन्हे पडली की सगळे एका बाइटाने सरकते. भर नसते, ओळी वरून खाली.

टीजीएला (१९८४) आरंभी खूण नाही. तिसरा बाइट (शून्यापासून मोजता २ रा) ०२ हा केवळ इशारा. १९८९ च्या आवृत्तीत शेवटच्या २६ बाइटांत ‘ट्रूव्हिजन-एक्सफाइल’ ही रोमन अक्षरे सापडतात.

हेडरच नसलेल्या कच्च्या फाइलीत, पिक्सेलमागे तीन बाइट धरून, आकाराला तीनने भागून रुंदीसाठी अवयव पाडावेत आणि उभ्या कडा सरळ होईपर्यंत रुंदी बदलत राहावे.