रॉयल मेल वेगळं, पोस्ट ऑफिस वेगळं

ब्रिटनमधे गावातलं पोस्ट बंद होणार अशी बातमी आली की कोणीतरी हमखास विचारतं, अहो ते तर सरकारने केव्हाच विकलं ना, मग आता खासदारांना कशाला धारेवर धरताय? घोळ इथेच होतो. विकलं ते रॉयल मेल, २०१३ मधे. बंद होतात त्या पोस्ट ऑफिसच्या शाखा, आणि ती कंपनी आजही सरकारचीच आहे. २०१२ पर्यंत दोघं एकाच घरात होते, मग वाटण्या झाल्या.

ओळखायचं कसं? जे आपल्या दारात येतं ते रॉयल मेल, जिथे आपण जातो ते पोस्ट ऑफिस. काउंटरवर पार्सलचं वजन झालं, स्टिकर चिकटला, पावती हातात पडली, इथपर्यंत पोस्ट ऑफिस. नंतर लाल व्हॅन येऊन थैल्या उचलून नेते तिथून पुढे रॉयल मेल. त्यामुळे शाखा बंद झाली तरी पोस्टमन येतच राहतो. ती लाल पेटीसुद्धा रॉयल मेलचीच, म्हणून शटर पडलेल्या पोस्टाबाहेर ती उभी दिसली तर चकायचं कारण नाही.

आता उलटा प्रकार बघा. जी खाजगी झाली ती कायद्याने बांधलेली, देशभर एकच दर, पत्रं घरोघरी पोचवायची सक्ती, वर ऑफकॉमची, म्हणजे टपाल-दूरसंचारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेची नजर. २०२५ मधे सेकंड क्लासची, म्हणजे स्वस्त पण उशिरा पोचणारी पत्रं एक दिवसाआड वाटायची ठरली तर त्यालाही ऑफकॉमने आधी नियम बदलून द्यावे लागले. आणि जी सरकारी राहिली तिला शाखांचं बंधन आहे ते सरकारी धोरणातलं, म्हणजे किमान ११,५०० शाखा, ९९ टक्के लोकांना ३ मैलांच्या आत एक. कायद्यात हा आकडा नाही, म्हणजे सरकारने मनात आणलं तर बदलता येतो, आणि सगळं राजकारण नेमकं तिथेच शिजतं.

२००७ मधे लेबर सरकारने साधारण १४,००० पैकी २,५०० पर्यंत शाखा बंद करायचं ठरवलं. पेन्शन थेट बँकेत जायला लागल्यावर काउंटरची कमाई आटली होती हे खरंच, पण ती पेन्शन बँकेकडे वळवली कोणी, तर सरकारनेच! त्यात काही मंत्री वर निर्णयाच्या बाजूने आणि आपल्या मतदारसंघात शाखा वाचवायच्या मोहिमेत, म्हणजे दोन्ही डगरींवर पाय.

अजून एक, बहुतेक शाखा सरकारी नोकर चालवतच नाहीत, दुकानदार चालवतात, कमिशनवर. बिस्किटं-पेपर विकता विकता एका कोपऱ्यात पोस्टाची खिडकी. तो थकला, दुकान विकलं, की खिडकी गेली, कोणी बंद करायचा निर्णय घेतलेलाच नसतो. कागदावर ‘तात्पुरती बंद’. शिवाय आठवड्यातून काही तास गावात थांबणारी फिरती व्हॅनसुद्धा शाखांच्या मोजणीत धरतात, त्यामुळे मंत्री संसदेत आकडा सांगतो तेव्हा तोही बरोबर असतो आणि पोस्ट गेलं म्हणून ओरडणारी आजीही.