गोरिलाची जोडी नसते हो, बिऱ्हाड असतं

म्हैसूरच्या झूमध्ये २०२१ साली जर्मनीहून दोन गोरिला आले, थाबो आणि डेंबा. आम्ही नऊ जण पुण्याहून गाडी करून गेलो होतो तेव्हा आत्या कठड्याला टेकून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "काय छान जोडी आहे रे, पुढच्या वेळी येऊ तेव्हा पिल्लू असेल." अगं आत्या, दोघंही नर आहेत! "मग आणलेच कशाला?" येताना निपाणीपासून मी हेच समजावत बसलो होतो.

मुळात गोरिलात जोडी हा प्रकारच नाही. एक सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवरचे केस रुपेरी झालेला पूर्ण वाढीचा नर, त्याच्या तीन-चार माद्या आणि पोरं, असं बिऱ्हाड असतं. पण पिल्लं जन्मतात ती निम्मी नर, निम्मी मादी. मग उरलेल्या नरांनी जायचं कुठे? जंगलात ते एकटे भटकतात, कधी नर-नर मिळून राहतात. झूमध्ये भटकायला जागा नाही, म्हणून मुद्दाम नरांचे गट करतात, सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवाल्या पोरांसारखे. पूर्वी झूवालेही जोडीच ठेवायचे म्हणा. पिंजऱ्यात जन्मलेलं जगातलं पहिलं गोरिला पिल्लू म्हणजे कोलो, अशाच एका जोडीची, १९५६ साली ओहायोच्या कोलंबस झूमध्ये जन्मली, माणसांच्या हातावर वाढली आणि साठ वर्षं जगली.

आता माझा आवडता भाग. गोरिला नर भरतो १६०-१७० किलो, आणि त्याची दोन्ही वृषणं मिळून जेमतेम ३० ग्रॅम. चिंपांझी ४५ किलोचा, पण त्याची १२० ग्रॅमच्या आसपास. उलटं वाटतं ना? १९८१ मध्ये हारकोर्ट आणि मंडळी या शास्त्रज्ञांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत बऱ्याच माकड-वानरांची अशी वजनं मांडली आणि कोडं सुटलं. चिंपांझीची मादी माजाच्या एकाच काळात बऱ्याच नरांशी जुगते, त्यामुळे खरी चुरस तिच्या पोटात, शुक्राणूंची शुक्राणूंशी, ज्याचे जास्त त्याचा नंबर लागायची शक्यता जास्त, म्हणून कारखाना मोठा. गोरिलाची लढाई बाहेरच संपते, छाती बडवून आणि अंगाच्या जोरावर. एकदा बिऱ्हाड ताब्यात आलं की आत स्पर्धकच नाही, मग शुक्राणूंवर खर्च कशाला? तो सगळा स्नायूंत आणि सुळ्यांत गेला. वजनाच्या हिशोबात आलेख काढला की चिंपांझी सरासरीच्या रेषेच्या वर आणि गोरिला खाली. माणूस गोरिलाच्या बाजूला झुकलेला.

प्रोटीन पावडरच्या डब्यावर गोरिला छापणारे आणि रस्त्याकडेला तंबू ठोकून 'मर्दानी ताकद' विकणारे, दोघांनीही हे ३० ग्रॅम लक्षात ठेवावेत. ते अंग पाला आणि देठं खाऊन होतं, पावडरीवर नाही.

बरं, बिऱ्हाड नराचं म्हणून मादीचं काही चालत नाही असं नाही. महिन्याकाठी दोन-तीन दिवसच ती तयार असते आणि बहुतेक वेळा पुढाकार तिचाच. जंगलात नर पटला नाही तर ती सरळ दुसऱ्याकडे निघून जाते. झूमध्ये दाराची कडी कीपरच्या हातात. म्हणून नवा नर आणला की आधी जाळीआडून ओळख, घाई नाही. अंगावर पिणारं पिल्लू असेल तर दुधाच्या हार्मोननं तिची पाळी थांबलेली असते, दोन पिल्लांत चार-चार वर्षं जातात, आणि परका नर तेवढं थांबत नाही, तो पिल्लू मारूही शकतो. पिल्लं नकोच असतील तर माद्यांना चक्क आपल्या बायकांच्याच गर्भनिरोधक गोळ्या देतात, आणि दिवस गेलेत का बघायला मेडिकलमधलं तेच दोन रेघांचं कीट चालतं, इतके हार्मोन सारखे.

हे सगळं ऐकून आत्याचं पालुपद तेच, मग आणलेच कशाला. सांगितलं, म्हैसूरला आधी पोलो नावाचा गोरिला होता, २०१४ मध्ये गेला, कित्येक वर्षं एकटाच होता बिचारा. गाडी कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरली तेव्हा आत्या म्हणाली, "म्हणजे एकट्याला करमत नाही, एवढंच ना? मग निपाणीलाच सांगायचंस की."