गार चेंडू, वाढती हाडं

डिसेंबरातली सकाळ. या दिवसांत इंदूरला पहाटे पारा दहाच्या आसपास असतो आणि राजेंद्रनगरातून स्कूटर काढली की दोन चौकांत बोटं बधिर होतात. स्क्वॉशच्या कोर्टवर पोचल्या पोचल्या भाचीनं तो काळा, बारका चेंडू खाली टाकला. उडालाच नाही. कणकेचा गोळा पडावा तसा पडून राहिला. मग तिनं तो बुटाखाली धरून लाकडी जमिनीवर घासायला सुरुवात केली आणि मी बाहेरच्या बाकावर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसलो.

चार भिंतींच्या आत, भिंतीवर चेंडू मारत खेळायच्या या स्क्वॉशचा चेंडू मोठी मजेशीर वस्तू आहे. व्यास ४० मिलिमीटर, वजन २४ ग्रॅमच्या आसपास, आतून पोकळ. तो किती उडावा हे नियमात लिहिलेलं आहे आणि तेही दोन तापमानांसाठी. १०० इंचांवरून, म्हणजे २५४ सेंटिमीटरवरून सोडला, तर २३ अंश सेल्सिअसला त्यानं किमान १२ टक्के उंची गाठायची, म्हणजे जेमतेम ३० सेंटिमीटर. ४५ अंशांना तोच चेंडू २५ ते ३० टक्के, म्हणजे ६३ ते ७६ सेंटिमीटर उडायला हवा. ही ऊब शेगडीतून येत नाही. प्रत्येक फटक्याला रबर चेपतं आणि पुन्हा मूळ आकारात येतं. चेपताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, थोडी उष्णतेच्या रूपात स्वतःजवळ ठेवतं. शंभरेक जोरकस फटके बसले की चेंडू हाताला गरम लागतो, आतल्या हवेचा दाब वाढतो आणि तो जिवंत होतो.

आता नऊ वर्षांच्या पोराच्या हातात तोच चेंडू द्या. दंडात जोर नाही, म्हणून फटक्याला वेग नाही. वेग नाही म्हणून चेंडू तापत नाही, आणि तापत नाही म्हणून तो मागच्या भिंतीपर्यंत येतच नाही. पोर धावत पुढे जातं, कमरेत वाकतं, कसंबसं खरवडून चेंडू उचलतं. तीन फटक्यांत रॅली संपते. हा खेळ मोठ्यांच्या खेळाची सोपी किंवा अवघड आवृत्ती नाही, वेगळाच खेळ आहे. त्यात 'लेंथ', म्हणजे चेंडू मागच्या भिंतीपर्यंत खोल मारणं, शिकता येत नाही, 'टी'वर, म्हणजे कोर्टाच्या मधोमध रेघा मिळतात तिथे, परत येण्याची सवय लागत नाही, लागते फक्त वाकण्याची. कोर्ट तर लहान होत नाहीच. क्रिकेटमध्ये पोरांसाठी सीमारेषा आत घेता येते, इथे भिंती आहेत. ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद, सगळ्या वयांना सारखंच.

म्हणून मुलांसाठी वेगळे चेंडू निघाले. डनलॉपचा निळा 'इंट्रो' नेहमीच्या चेंडूपेक्षा १२ टक्के मोठा आहे आणि हवेत ४० टक्के जास्त वेळ राहतो. त्यानंतर ६ टक्के मोठा लाल ठिपक्याचा. मग नेहमीच्याच मापाचा पण जरा जास्त उडणारा एका पिवळ्या ठिपक्याचा, आणि सगळ्यात शेवटी दोन पिवळ्या ठिपक्यांचा, जो जगभरचे व्यावसायिक खेळाडू वापरतात. आमच्याकडे गंमत अशी की निळा चेंडू म्हणजे बाळांचा, अशी पोरांची समजूत, आणि पोरांपेक्षा पालकांची पक्की. दुकानात गेलं की पहिल्याच दिवशी डबल डॉट. माझ्या बहिणीनंही तेच केलं होतं. कोचसरांनी तो काढून घेतला आणि दीड वर्ष कपाटात ठेवला. तेव्हा मला ते फार वाटलं होतं.

भाची आता बारा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात अंडर-थर्टीनच्या पहिल्याच फेरीत ती हरली. समोरची मुलगी तिच्यापेक्षा वीतभर उंच आणि खांद्यानं भरलेली. जन्मतारखेत अंतर होतं चार महिन्यांचं. घरी परतताना ताईचा चेहरा बघण्यासारखा होता, आणि पोहे-जलेबीच्या दुकानासमोर गाडी थांबवली तरी खुलला नाही.

जन्मदाखल्यावरचं वय आणि हाडांचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक वेगानं वाढतात, वर्षाला आठेक सेंटिमीटर. मुलांचा तो काळ सरासरी दोन वर्षांनी उशिरा, चौदाच्या सुमारास येतो आणि वेग थोडा जास्त असतो. पण ही झाली सरासरी. एकाच वर्गातल्या दोन मुलांत या बाबतीत दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असू शकतं. मनगटाचा एक्स-रे काढला की हाडांच्या टोकांच्या वाढपट्ट्या किती उघड्या आहेत ते दिसतं आणि शरीर कुठवर आलंय याचा अंदाज बांधता येतो. अंडर-थर्टीनच्या पात्रतेत मात्र हे काहीच येत नाही, तिथे फक्त तारीख बघतात. शिवाय हे गट दोन-दोन वर्षांचे, ११, १३, १५, १७, १९. नुकतीच अकरा पूर्ण केलेली मुलगी आणि पुढच्या महिन्यात तेरा पूर्ण करणारी, दोघी एकाच ड्रॉमध्ये.

याच इंदुरात १९७३ साली जन्मलेल्या राहुल द्रविडनं हा प्रश्न क्रिकेटच्या बाजूनं मांडला होता. २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात तो वयचोरीवर कडक शब्दांत बोलला. खोट्या दाखल्यावर खेळणारा मोठा मुलगा ताकदीवर जिंकतो आणि खऱ्या वयाच्या, कदाचित जास्त चांगल्या मुलाची जागा जाते, हा त्याचा मुद्दा. लवकर वयात आलेल्या मुलाचा त्यात काही दोष नसतो, त्याचा दाखलाही खरा असतो. परिणाम मात्र बऱ्यापैकी तोच होतो. त्या वर्षी तो ताकदीवर जिंकतो, लोक त्याला गुणी म्हणतात, आणि सतराव्या वर्षी बाकीचे उंचीनं त्याला गाठतात तेव्हा त्याच्याकडे जोराखेरीज काही नसतं, कारण तोवर दुसरं काही लागलंच नव्हतं.

मग लहानपणीच्या कपांचा पुढच्या खेळाशी संबंध किती? आर्ने ग्युलिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून ६,०९६ खेळाडूंची माहिती तपासली. त्यातले ७७२ जागतिक दर्जाचे होते. ज्युनियर गटात पुढे असणारे लवकर सुरुवात केलेले होते, एकाच खेळाला चिकटलेले, झपाट्यानं वर गेलेले. प्रौढपणी जगात वरच्या जागी पोचलेल्यांचं चित्र उलटं होतं. त्यांनी आपला मुख्य खेळ उशिरा धरला होता, लहानपणी इतर खेळ जास्त खेळले होते आणि सुरुवातीची प्रगती संथ होती. तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी माती उकरायला लावत, जोर-बैठका काढून घेत, कुस्तीला महिनोन्‌महिने हात लावू देत नसत. माझे आजोबा त्याला छळ म्हणत. ग्युलिशांचे आकडे वाचताना मला ते आठवले, पण वस्तादांच्या डोक्यात एवढा विचार असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता उलटी उदाहरणं लगेच तोंडावर येतील. इजिप्तची नूर अल शेरबिनी २००९ मध्ये तेराव्या वर्षी ज्युनियर विश्वविजेती झाली आणि पुढे सीनियर विजेतेपदंही तिनं ढिगानं मिळवली. आपली अनाहत सिंग २०१९ मध्ये ब्रिटिश ज्युनियर ओपनची अंडर-इलेव्हन विजेती होती आणि चौदाव्या वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून खेळली. खरं आहे. पण ही नावं आपल्याला माहीत आहेत ती त्या टिकल्या म्हणून. त्यांच्याच वयाच्या इतर विजेत्यांची नावं कुणी विचारलं तर? आणि अनाहतनं आधी बॅडमिंटनची रॅकेट धरली होती, स्क्वॉश नंतर आलं, हेही विसरू नये.

कॅनडात काम करणाऱ्या इश्तवान बायी यांनी १९९० च्या दशकात खेळाडूच्या लांब पल्ल्याच्या घडणीचा आराखडा मांडला. आधी खेळण्याची मजा आणि मूलभूत हालचाली, मग शिकण्यासाठी सराव, नंतर सरावाची क्षमता, मग स्पर्धा आणि शेवटी विजय. तक्ता सुटसुटीत, म्हणून जगभरच्या क्रीडासंघटनांच्या भिंतींवर लागला. त्यात 'खिडक्या' होत्या. अमुक वयात वेगाची खिडकी उघडते, तमुक वयात दमसासाची, ती बंद झाली की संपलं. पालकांची झोप उडवायला एवढं पुरे. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी या खिडक्यांमागचा पुरावा चाळला तेव्हा तो फारच विरळ निघाला. दमसास सतराव्या वर्षीही वाढतो, वेगही वाढतो.

एक खिडकी मात्र खरी दिसते, आणि ती सापडली स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांच्या दंडात. फिनलंडमध्ये पेक्का कान्नुस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये टेनिस आणि स्क्वॉशच्या राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडू स्त्रियांच्या दोन्ही हातांची हाडं मोजली. रॅकेटचा हात आणि रिकामा हात, दोन्ही एकाच बाईचे. आहार तोच, आनुवंशिकता तीच, फरक फक्त फटक्यांचा. पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला लागलेल्यांमध्ये रॅकेटच्या हाताच्या हाडाला झालेला फायदा, नंतर सुरुवात केलेल्यांच्या साधारण दुप्पट होता. हाड वाढतंय तोवर त्याला धक्के दिले की ते भरून येतं. त्यासाठी स्क्वॉशच लागतं असं नाही. लंगडी चालेल, दोरीच्या उड्या चालतील, मल्लखांब चालेल. मध्य प्रदेशानं २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यखेळ केलं ते वेगळ्या कारणांसाठी, पण पोरींच्या हाडांना ते आवडेल.

तेच वाढणारं हाड दुखणंही आणतं. आधी पावलं वाढतात, मग पाय लांब होतात, धड मागाहून येतं. आपण याला अडनिडं वय म्हणतो. हातातून पेले सुटतात, उंबरठ्याला ठेच लागते. काल जमणारा बॅकहँड आज टिनवर, म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या बाद पट्टीवर, आदळतो, कारण मेंदूकडे असलेला हातापायांच्या मापांचा हिशेब मागच्या दिवाळीचा असतो. सगळ्यांना हे होत नाही, पुष्कळांना होतं. हाडाच्या वेगानं स्नायू आणि कंडरा ताणत नाहीत, आणि कंडरा जिथे वाढत्या हाडाला चिकटते ती जागा कच्ची असते. स्क्वॉशमध्ये प्रत्येक कोपऱ्यात पुढचा पाय लांब टाकून गुडघ्यावर भार घ्यायचा असतो, शंभरदा, दोनशेदा. गुडघ्याखालचं टेंगूळ दुखायला लागतं, त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेचं असेल तर सीव्हर. बहुतेक वेळा भार कमी केला की बरं होतं. भार कमी करायची तयारी घरात असली तर.

अमेरिकेत नीरू जयंती यांनी २०१५ मध्ये शेकडो तरुण खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून निघालेला अंगठेनियम लक्षात ठेवायला सोपा आहे. आठवड्यात खेळाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त झाले की अतिवापराच्या गंभीर दुखापतींचा धोका वाढतो. बारा वर्षांच्या मुलीला आठवड्याला बारा तास. ताईनं भाचीचे तास मोजले तेव्हा ते सोळा निघाले, शाळेची पीटी सोडून.

आणि चष्मा. ४० मिलिमीटरचा चेंडू डोळ्याच्या खोबणीत बरोबर बसतो, फुटबॉल बसत नाही. ज्युनियर जागतिक स्पर्धेत संरक्षक चष्मा सक्तीचा आहे तो त्यासाठीच. यावर वाद घालायला काही नाही.

एवढं वाढून झाल्यावर जे शिकायचं उरतं, ते सगळ्यात सावकाश येतं. ब्रूस अॅबरनेथी यांनी १९९० मध्ये खेळाडूंना फटक्यांची चित्रफीत दाखवली आणि चेंडू रॅकेटला लागण्याआधीच ती तोडून विचारलं, चेंडू कुठे जाईल? निष्णात खेळाडू समोरच्याच्या दंडाच्या हालचालीवरूनही ओळखत, नवख्यांना रॅकेट दिसेपर्यंत काही कळत नसे. विशेष म्हणजे दोघांची नजर फिरण्याची पद्धत जवळपास सारखी होती. दिसत होतं तेच, पण एकाला वाचता येत होतं. हे वाचन हजारो रॅलींमधून, तेही वेगवेगळ्या माणसांसमोरच्या, गोळा होतं. त्याला उंचीची मदत होत नाही.

म्हणूनच या खेळात तिशीतले लोक जिंकतात. सौरव घोषालनं २००४ मध्ये ब्रिटिश ज्युनियर ओपनचं अंडर-नाइन्टीन विजेतेपद मिळवलं, असं करणारा तो पहिला भारतीय. जगातल्या पहिल्या दहांत तो पोचला २०१९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी. मधली पंधरा वर्षं. फ्रान्सचा ग्रेगरी गोतिए चार वेळा विश्वविजेतेपदाच्या अंतिम फेरीत हरला आणि २०१५ मध्ये, तोही बत्तिसाव्या वर्षी, जिंकला. स्क्वॉश आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येतंय. तो निर्णय २०२३ मध्ये मुंबईतल्या बैठकीत झाला, आणि तेव्हापासून आमच्या कोर्टबाहेरच्या बाकावर आईबाबा वाढलेत. काहींच्या हातात वही असते.

ताईकडे आता वही नाही, पेन्सिल आहे. कोचसरांनी सांगितल्यापासून दर तीन महिन्यांनी ती स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला भाचीला उभं करते आणि डोक्यावर पुस्तक आडवं धरून रेघ ओढते. परवाची रेघ आधीच्या रेघेच्या वर पावणेतीन सेंटिमीटर निघाली. आठवड्याचे सोळा तास अकरावर आणलेत, शनिवारी स्क्वॉशऐवजी गल्लीत लगोरी आणि सायकल. बॅकहँड सध्या टिनमध्येच जातोय. आज सकाळी चेंडू तापायला वीस मिनिटं लागली, माझा चहा तोवर गार झाला होता.