हाड भेगेला वळण लावतं, म्हणून टिकतं

डेक्सा तपासणीचा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर टी-स्कोअरवर जाते. निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत आपली घनता किती कमी-जास्त आहे, ते हा आकडा सांगतो. तो −2.5 किंवा त्याखाली असला तर ऑस्टिओपोरोसिस (हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार), वर असला तर काळजी मिटली, असा समज आहे. प्रत्यक्षात खुब्याचं हाड मोडलेल्या अनेक वयस्कर रुग्णांचा टी-स्कोअर −2.5 पर्यंत उतरलेलाच नसतो. रिपोर्ट चुकीचा नसतो. हाडात खनिज किती आहे एवढंच तो मोजतो, आणि पडलेली भेग ते हाड कशी अडवतं हे त्यात दिसत नाही.

कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवडाभरात खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं. तसंच दुसरं हाड निखाऱ्यांवर पांढरं होईपर्यंत भाजलं, तर आकार कायम राहतो पण बोटांनी दाबताच चुरा होतो. पहिल्यात कोलॅजेन नावाचं तंतुमय प्रथिन उरलं, दुसऱ्यात खनिज. आपल्या हाडात वजनाने साधारण 65 टक्के खनिज, 25 टक्के सेंद्रिय भाग (त्यात मुख्यतः कोलॅजेन) आणि बाकी पाणी असतं. खनिजामुळे ताठरपणा येतो, कोलॅजेनमुळे चिवटपणा. फळ्यावरचा खडूसुद्धा कॅल्शियमचंच संयुग आहे आणि तो जमिनीवर पडला की तुकडे होतात. ‘कॅल्शियम वाढवा, हाड पोलादी करा’ ही जाहिरात म्हणूनच अर्धवट आहे.

हा चिवटपणा नेमका येतो कुठून, याचा पाठपुरावा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या रॉबर्ट रिची यांच्या गटाने वर्षानुवर्षं केला आहे. रिची मूळचे धातू आणि सिरॅमिक कसे तुटतात याचे अभ्यासक. हाडाकडेही ते त्याच नजरेने पाहतात: भेग पडणारच, पण ती पुढे कशी सरकते?

आता थोडी शरीररचना. लांब हाडाच्या घट्ट भिंतीत ऑस्टिऑन नावाच्या बारीक नळ्या हाडाच्या लांबीला जवळजवळ समांतर रचलेल्या असतात. एकेक नळी सुमारे 0.2 मिलिमीटर व्यासाची. मधोमध रक्तवाहिनी, भोवती कांद्यासारखे थर आणि सगळ्यांत बाहेर ‘सिमेंट रेषा’ नावाचं पातळ वेष्टन. या वेष्टनापाशी पकड कच्ची असते, आणि हाडाला वाचवतो तो हाच कच्चेपणा. आडवी भेग सिमेंट रेषेला भिडते तेव्हा तिला नळी फोडण्यापेक्षा वेष्टनाच्या कडेने जाणं सोपं पडतं, म्हणून ती जवळजवळ काटकोनात वळते. हाड वाकताना ताण लांबीच्या दिशेने असतो, त्यामुळे आडव्या भेगेचं तोंड तो उघडतो. भेग वळून त्याच दिशेला समांतर झाली की हा ताण तिला उघडू शकत नाही. पुढे जायचं तर पुन्हा वळा, पिळवटा, आणि दर वेळी जास्त जोर लावा. ओंडका उभा चिरणं सोपं आणि आडवा तोडणं कठीण, तसंच हे आहे. 2008 साली या गटाने दाखवलं की भेग जेमतेम 500 मायक्रोमीटर, म्हणजे अर्धा मिलिमीटर सरकल्यावर तिला आडवं रेटायला लागणारा जोर उभं रेटण्याच्या पाचपटीहून अधिक असतो. म्हणून हाडाचा चिवटपणा एका आकड्यात सांगता येत नाही. भेग किती वाढली आणि प्रतिकार किती वाढला, याचा आलेख काढावा लागतो. त्याला आर-वक्र म्हणतात.

हे मोजणं नाजूक काम आहे. मृत्यूनंतर दान मिळालेल्या दंडाच्या हाडातून हिऱ्याच्या करवतीने, सावकाश आणि ओलं ठेवत, काही मिलिमीटर जाडीच्या काड्या कापतात. करवत तापली तर कोलॅजेन बिघडतं. काडी वाळली तर ती ताठर आणि ठिसूळ होते, म्हणून ती शरीरद्रवासारख्या क्षारद्रावणात भिजवून ठेवतात. करवतीची खाच बोथट असते आणि बोथट खाचेमुळे चिवटपणा खोटा वाढलेला दिसतो, त्यामुळे हिऱ्याच्या सूक्ष्म भुकटीचा द्राव लावून दाढीच्या ब्लेडने ती धारदार करतात. मग काडी दोन टेकूंवर ठेवून मध्ये दाबतात आणि ओला नमुना चालणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात भेगेचा प्रवास पाहतात. सिंक्रोट्रॉन या कण-त्वरकाच्या प्रखर क्ष-किरणांनी आतली भेगही टिपता येते, पण मात्रा फार झाली की किरणांनीच कोलॅजेन तुटतं आणि हाड ठिसूळ होतं. (छातीच्या एक्स-रेला घाबरू नका. ही मात्रा त्याच्या कोट्यवधी पट असते.)

वयानुसार दोन गोष्टी बिघडतात. कोलॅजेनच्या तंतूंमध्ये साखरेमुळे नको तिथे आडवे बंध तयार होतात आणि तंतू एकमेकांवरून घसरून ऊर्जा शोषू शकत नाहीत. शिवाय ऑस्टिऑनची दाटी वाढते आणि भेगेच्या मागे दोन्ही काठ धरून ठेवणारे न तुटलेले पूल आखूड होतात.

आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेबद्दल या गटाने हॅम्बुर्गच्या संशोधकांबरोबर 2013 मध्ये जे दाखवलं, ते अनपेक्षित होतं. ड कमी पडलं की नव्या कोलॅजेनवर खनिज चढत नाही आणि हाडाच्या पृष्ठभागावर ऑस्टिऑइडचा, म्हणजे अशा खनिज न चढलेल्या हाडाचा, मऊ थर साचतो. जुनं हाड पोखरून काढणाऱ्या पेशी त्या थरातून आत पोहोचू शकत नाहीत. आत अडकलेलं हाड बदललं जात नाही, म्हातारं होत जातं, आणि त्यात खनिज उलट जास्तच भरतं. 30 जणांच्या कमरेच्या हाडाचे नमुने तपासले, त्यांतल्या निम्म्यांना ड जीवनसत्त्वाची कमतरता होती. त्यांच्या हाडात भेग सुरू होण्याला होणारा विरोध 22 टक्क्यांनी आणि ती पसरण्याला होणारा विरोध 31 टक्क्यांनी कमी भरला.

गल्लोगल्ली भरणाऱ्या मोफत शिबिरांत टाचेला यंत्र लावून मिनिटाभरात हाडांचं भवितव्य सांगतात आणि शेजारच्या टेबलावर कॅल्शियमचे डबे विकतात. टाचेच्या ध्वनिलहरींवर चालणाऱ्या त्या यंत्राच्या आकड्यावरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान करता येत नाही. त्याला खुब्याची आणि कण्याची डेक्सा लागते. आणि ऑस्टिऑइडखाली अडकलेलं म्हातारं हाड तर डेक्सालाही दिसत नाही. ते पाहायला हाडाचा छोटा तुकडाच काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो.