स्क्रीम व्होकल रेकॉर्डिंग

डेथ मेटल, ब्लॅक मेटल, ग्राइंडकोर, मेटलकोर या प्रकारांत गायक जो खरखरीत, फाटका आवाज काढतो तो स्टुडिओत टिपायच्या आणि मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, बसवायच्या पद्धतीला स्क्रीम व्होकल रेकॉर्डिंग म्हणतात. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं की माणूस बेंबीच्या देठापासून ओरडतोय आणि इंजिनिअरने फक्त रेकॉर्डचं बटण दाबलंय. खरं तर मुरलेल्या गायकाचा स्क्रीम समोर उभं राहून ऐकला तर अपेक्षेपेक्षा बराच हळू असतो, आणि अल्बमवर तो जो अंगावर येतो तो जवळ धरलेला माइक, भरपूर कॉम्प्रेशन (मोठ्या-लहान आवाजातला फरक दाबणं) आणि एकावर एक चढवलेले टेक (तीच ओळ पुन्हा गाऊन केलेली रेकॉर्डिंग) यांच्यामुळे. एवढं डोक्यात बसलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात, कारण मग गायकाला "अजून जोरात, अजून जोरात" म्हणायची गरजच उरत नाही.

आधी घशाबद्दल. नेहमीच्या स्वरतंतूंच्या वर घड्यांची अजून एक जोडी असते, तिला फॉल्स कॉर्ड म्हणतात. साधं बोलताना त्या बाजूला असतात, पण फॉल्स कॉर्ड स्क्रीममध्ये जवळ येऊन हवेच्या दाबाने वेड्यावाकड्या थरथरतात आणि तो जाड, खोल गुरगुरणारा आवाज, म्हणजे ग्रोल, निघतो. रशियातल्या तुवा प्रांतातल्या कारगिरा या घशातून गायच्या प्रकारातही याच घड्या वापरतात, फक्त तिथे त्या शिस्तीत, मूळ स्वराच्या निम्म्या गतीने हलतात म्हणून एक सप्तक खालचा सूर ऐकू येतो. दुसरा प्रकार फ्राय स्क्रीम, त्याला हवा कमी लागते आणि आवाज पातळ, टोकदार येतो. दोन्हींत जोर श्वासाचा असतो, घशाचा नाही. न्यूयॉर्कच्या व्हॉइस टीचर मेलिसा क्रॉस यांनी २००५ मध्ये स्क्रीम शिकवणारी डीव्हीडी काढली आणि त्यानंतर हे ज्ञान बऱ्याच पोरांपर्यंत पोचलं, त्याआधी बहुतेक जण घसा सोलून सोलूनच शिकायचे.

माइकच्या बाबतीत कंडेन्सरपेक्षा (नाजूक, बारीकसारीक सगळं टिपणारा प्रकार) डायनॅमिकवर (दणकट, कमी संवेदनशील प्रकार) भर असतो. शूर कंपनीचा एसएम७बी हा जवळजवळ ठरलेला, मूळ एसएम७ १९७३ चा. इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२० आणि सेनहायझर एमडी ४२१ सुद्धा चालतात. स्क्रीममध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा मुळातच भरपूर असतो आणि चकचकीत कंडेन्सर तो अजून पुढे आणतो, शिवाय खोलीचा आवाजही जास्त पकडतो. चांगल्या, आवाज घुमू नये म्हणून ट्रीट केलेल्या खोलीत कंडेन्सरवर सुंदर स्क्रीम झालेले आहेत, पण घरच्या खोलीत डायनॅमिकच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. अंतर साधारण ५ ते १० सेंटिमीटर, मधे पॉप फिल्टर (तोंडाची हवा अडवणारी जाळी), आणि माइक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता किंचित तिरका, म्हणजे प आणि ब चे फटके कमी बसतात. जवळ गेलं की खालचा भाग आपोआप फुगतो, ग्रोलला ते शोभतं पण श्रिक, म्हणजे उंच किंकाळी, करताना गढूळ होतं.

काही गायकांना हातात माइक धरल्याशिवाय जमतच नाही, स्टेजवरची सवय असते, अंग वाकवून, गुडघे मोडून गायचं असतं. अशा वेळी सरळ एसएम५८ हातात द्यावा, हा साधा १९६६ पासूनचा माइक आहे आणि महागड्या माइकसमोर अवघडून उभ्या राहिलेल्या गायकापेक्षा यावर मोकळा झालेला गायक कधीही चांगला वाजतो. फक्त जाळी मुठीत झाकायची नाही. झाकली की मागून हवा जायची वाट बंद होते, माइकची दिशा हरवते आणि आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. हेडफोन नको असणारेही असतात. त्यांच्यासाठी माइक स्टँडवर पक्का करून स्पीकरवर गाणं लावतात आणि टेक झाल्यावर कोणी न गाता तेच गाणं त्याच जागी, त्याच आवाजात पुन्हा रेकॉर्ड करतात, मग त्या दुसऱ्या ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी केली की स्पीकरचा आलेला आवाज बराचसा कटतो.

गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) लावताना पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, -१० ते -६ डेसिबलच्या आसपास ठेवला तरी पुरे, २४ बिटमध्ये घाबरून वर ढकलायची गरज नाही. अवघड ओळी गळा गरम झाल्यावर पण थकायच्या आधी घ्यायच्या. एका गाण्याचे सगळे थर शक्यतो एकाच दिवशी उरकावे कारण दुसऱ्या दिवशी गळ्याचा पोत बदललेला असतो आणि जोड लगेच कळतो. स्क्रीममध्ये ठरलेला सूर नसतो, म्हणून शब्द कळणं सगळं व्यंजनांवर अवलंबून असतं. त, क, ट, प ही अक्षरं आरशासमोर नाटक केल्यासारखी मोठी करून म्हणायला लावावी, मिक्समध्ये ती निम्मी गिळली जातात. दुखायला लागलं तर सेशन थांबवायचं, यात चर्चा नको.

थर लावायची गोष्ट सगळ्यात मजेची. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात मॉरिसाउंड नावाचा स्टुडिओ होता, तिथे इंजिनिअर स्कॉट बर्न्सने ८० च्या दशकाच्या शेवटापासून डेथ मेटलचे कितीतरी अल्बम केले, आणि डीईसाइड बँडच्या १९९० च्या पहिल्या अल्बमवर गायक ग्लेन बेंटनचा खालचा ग्रोल आणि वरचा श्रिक एकाच ओळीवर एकत्र ऐकू येतो. आजही तेच करतात, मधे मुख्य टेक, डावी-उजवीकडे दोन डबल (तीच ओळ पुन्हा गायलेले टेक) ६ ते १० डेसिबल खाली, आणि कोरसला वेगळ्या उंचीचा अजून एक थर. अट एकच, शब्दांच्या सुरुवाती आणि शेवट जुळले पाहिजेत. चार लोक चार वेळी स म्हणाले तर फवारा मारल्यासारखं ऐकू येतं, म्हणून डबलमधले शेवटचे स आणि ट सरळ कापून टाकतात.

मिक्समध्ये पहिला कॉम्प्रेसर वेगवान, १९६७ च्या ११७६ नावाच्या कॉम्प्रेसरच्या धाटणीचा, ज्याचा अटॅक (दाबायला सुरुवात करायचा वेग) २० मायक्रोसेकंदांपर्यंत जातो, आणि त्याच्यामागे एलए-२ए सारखा संथ ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारा) कॉम्प्रेसर. एकूण १० डेसिबल किंवा त्याहून जास्त दाबलं तरी हरकत नसते, साध्या गाण्यात हे ऐकवणार नाही पण इथे डिस्टॉर्शनच्या गिटारांशी मारामारी असते. ८० ते १२० हर्ट्झच्या खालचं काढतात, २०० ते ४०० मधला चिखल कमी करतात, आणि २ ते ५ किलोहर्ट्झ मध्ये कानाला टोचतं तिथे हलका कट देतात, पण फार नाही कारण शब्द तिथेच असतात. त्यापेक्षा गिटारमध्येच तिथे थोडी जागा करून द्यावी. डी-एसर (स चा टोचणारा आवाज कमी करणारं साधन) लागतोच. सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन) वेगळ्या ट्रॅकवर करून खालून मिसळलेलं बरं. मुळात अशक्त असलेल्या स्क्रीमवर डिस्टॉर्शन प्लगइन ओतून ताकद येत नाही, फक्त खरखर वाढते.

आपल्याकडे मुंबईत डेमॉनिक रिझरेक्शन (२०००), गटस्लिट (२००७), भयानक मौत, झिग्नेमा अशा बँडांमुळे या गायकीचा एक खरा वर्ग तयार झाला. आता पुण्या-नाशकातली पोरं पण फ्लॅटमध्येच रेकॉर्ड करतात, गायकाच्या पाठीमागे गाद्या उभ्या करून, वर गोधडी टांगून. ते चुकीचं नाही. कार्डिऑइड प्रकारचा माइक समोरचं जास्त ऐकतो, म्हणजे गायकाच्या पाठीमागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज थेट त्यात शिरतो, त्यामुळे गादी माइकच्या मागे लावण्यापेक्षा गायकाच्या मागे लावणं जास्त फायद्याचं. रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) छोटा ठेवून ओळीच्या शेवटच्या शब्दावर तेवढा डिले (प्रतिध्वनी) सोडतात, आणि सगळ्यात शेवटी ऑटोमेशनने एकेक शब्द हाताने वरखाली करतात, साधारण स्नेअर ड्रमच्या बरोबरीने आवाज बसेपर्यंत.