लॅपेट आणि बलून रिंग: धाग्याच्या वाटेवरच्या दोन तारा

सूतगिरणीत नवीन लागलेल्या पोराला रिंग फ्रेमसमोर, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रासमोर, उभं केलं की पहिल्याच दिवशी त्याचा एक घोटाळा होतो. वरून धागा येतो, एका तारेच्या वळणातून जातो. थोडा खाली येऊन दुसऱ्या तारेच्या वेढ्यातून जातो. अजून खाली तिसरी गोल वस्तू असते, आणि तिला तर नावच रिंग आहे. तिघींनाही गोल म्हणता येतं, तिघींतूनही धागा जातो. मग स्टोअरच्या चिठ्ठीवर "धाग्याची रिंग" किंवा "गाईड रिंग" एवढंच लिहिलं जातं आणि पुढचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. सांगली जिल्ह्यातल्या गिरण्यांच्या रिंग खात्यात माझी बरीच वर्षं गेली. हा गोंधळ मी इतक्या वेळा निस्तरलाय की एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

तिसरीला आधी बाजूला करू. रिंग रेल या वरखाली होणाऱ्या पट्टीवर बसलेली पोलादी रिंग म्हणजे ट्रॅव्हलरची, धागा ओढत पळणाऱ्या आकडीची, धावपट्टी. १८२८ मध्ये अमेरिकेत जॉन थॉर्पने रिंग स्पिनिंगचं पेटंट घेतलं, आणि आपल्याकडे जमशेटजी टाटांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलने हे तंत्र लवकर उचललं. या रिंगला कुणी लॅपेट म्हणत नाही. खरी गल्लत होते ती वरच्या दोघींत. एक लॅपेट, म्हणजे डुकराच्या शेपटीसारखं वळण असलेला हूक, ज्याला बरेच जण पिगटेलच म्हणतात. दुसरी बलून कंट्रोल रिंग, खात्याच्या भाषेत बलून रिंग किंवा एबीसी रिंग.

दोघी कशासाठी आहेत हे कळायला आधी धागा तिथे काय करतो ते बघावं लागतं. पुढच्या रोलरमधून कापसाच्या तंतूंची पातळ पट्टी बाहेर येते. खाली स्पिंडल, म्हणजे चाती, फिरतं, त्याच्यावर सूत गुंडाळायची बॉबिन, आणि रिंगवरून ट्रॅव्हलर नावाची इवलीशी आकडी पळते. ४० नंबरच्या हजार ट्रॅव्हलरचं वजन ४० ग्रॅम, म्हणजे एकीचं वजन किती ते बघा. ट्रॅव्हलरचा एक फेरा झाला की धाग्याला एक पीळ पडतो. ३० नंबरचं सूत घ्या, म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या ३० लडी. त्याला इंचाला साधारण २२ पीळ लागतात. स्पिंडल मिनिटाला १६,००० फेरे घेत असेल, तर रोलरमधून मिनिटाला साडेअठरा मीटरच्या आसपास धागा बाहेर येणार. तो बॉबिनवर गुंडाळला जावा म्हणून ट्रॅव्हलर स्पिंडलच्या किंचित मागे पडतो. कॉपचा, म्हणजे बॉबिनवर चढलेल्या सुताच्या गुंडाळीचा, व्यास ३० मिलिमीटर धरला तर मिनिटाला सुमारे २०० फेऱ्यांनी. म्हणजे तो १५,८०० च्या जवळपास फेरे घेतोच. ४० मिलिमीटरच्या रिंगवर हा वेग सेकंदाला ३३ मीटर होतो, तासाला जवळजवळ ११९ किलोमीटर. सांगलीहून पुण्याला जाणारी गाडीही रस्त्यावर इतकी पळवू नये!

एवढ्या वेगाने एक टोक फिरतंय म्हटल्यावर मधला धागा सरळ राहत नाही. दोन पोरी दोरी धरून फिरवतात तेव्हा मधली दोरी जशी बाहेर फुगते, तसा लॅपेटपासून ट्रॅव्हलरपर्यंतचा धागा बाहेर फुगतो. डोळ्याला तो धागा दिसतच नाही, धुरकट काचेचा फुगा उभा असल्यासारखं दिसतं. म्हणून त्याला बलून म्हणायचं.

लॅपेट या फुग्याच्या माथ्यावर आहे आणि बलून रिंग त्याच्या पोटाला. दोघींचं काम, दोघींचे रोग आणि दोघींवरचा उपाय, सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

शाळू राखायला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा माणूस बघितला असेल तर लॅपेट समजायला सोपं जातं. गोफणीतला दगड कितीही जोरात फिरो, मनगट एका जागी असतं. मनगट इकडेतिकडे गेलं की दगड भलतीकडे. लॅपेट हे धाग्याचं मनगट आहे. ते स्पिंडलच्या अक्षावर नेमकं हवं, केसभरही बाजूला नको. बाजूला गेलं तर प्रत्येक फेऱ्यात धाग्यावरचा ताण एकदा वाढतो, एकदा कमी होतो, आणि मिनिटाला सोळा हजार वेळा हेच चालतं. धागा एका अंगाने बॉबिनच्या टोकाला किंवा शेजारच्या सेपरेटरला, म्हणजे दोन स्पिंडलमधल्या आडपट्टीला, घासतो. सेंटरिंग करताना नवीन फिटर लॅपेटच्या भोकाचा मध्य बघतो. तसं करू नये. भोकाच्या मध्यात हवा असते, धागा नसतो. धागा ज्या आतल्या कडेवर टेकून खाली सुटतो, ती कड गेजच्या टोकावर आली पाहिजे.

लॅपेटचं दुसरं काम कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तेच मोठं आहे. पीळ खाली ट्रॅव्हलरपाशी तयार होतो, पण त्याची गरज असते वर, रोलरच्या तोंडाशी, जिथे तंतू नुकतेच सुटे बाहेर येतात. तो पीळ धाग्यावरून चढत, फुग्यातून, लॅपेटच्या वळणावरून वर गेला पाहिजे. बहुतेक धागे तुटतात ते रोलरच्या तोंडाशीच, कारण तिथे पीळ सगळ्यात कमी. लॅपेट खरबरीत असलं की ते पिळाला अडवतं. खाली सूत घट्ट, वर कच्चं. सायडर, म्हणजे फ्रेम सांभाळणारा कामगार, मग रात्रभर धागे सांधत बसतो आणि दोष रोव्हिंगवर, म्हणजे फ्रेमला पुरवलेल्या कापसाच्या जाड वातीवर, ढकलला जातो.

बलून रिंगचं तसं नाही. ती धाग्याला रस्ता दाखवत नाही, हद्द दाखवते. डॉफ, म्हणजे रिकामी बॉबिन लावल्यापासून ती भरून काढेपर्यंतची एक खेप, नुकताच सुरू झालाय, कॉप तळाला बांधला जातोय, तेव्हा लॅपेट आणि ट्रॅव्हलरमधलं अंतर सगळ्यात जास्त असतं. फुगा उंच आणि फुगीर. त्याला मोकळा सोडला तर तो सेपरेटरवर आपटतो. आवरायचा म्हटलं तर जड ट्रॅव्हलर घालून धागा खेचून धरावा लागतो, म्हणजे ताण वाढला. शिवाय हा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दहा टक्के वाढवला तर ताण वीस टक्क्यांहून जास्त चढतो. बलून रिंग त्या फुग्याला कमरेशी आवळते, एका मोठ्या फुग्याचे दोन छोटे करते, आणि मग हलका ट्रॅव्हलर चालतो. रिंग रेल चढत गेली की फुगा आखूड होतो आणि धागा बलून रिंगला शिवतही नाही. लॅपेटला मात्र सुटी नसते. पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत धागा त्याच्यावर टेकलेला असतो.

बलून रिंगची ही मदत फुकट मिळत नाही. धागा तारेला घासतो, घासला की तंतूंची टोकं बाहेर येतात आणि सुताला लव चढते. म्हणून तिचा व्यास खालच्या रिंगपेक्षा किंचित मोठा ठेवतात. उगाच आवळून धरलेली बलून रिंग फुगा शांत दाखवते आणि सूत बिघडवते. हा शांत फुगा बघून खूश होणारे सुपरवायझर मी बघितलेत. ते सूत पुढे विट्याला यंत्रमागावर गेलं की तिथे त्याची किंमत मोजावी लागते. विट्याचे एक मागवाले एकदा कोन घेऊनच गिरणीत आले. काळ्या पुठ्ठ्यावर दहा-बारा वेढे गुंडाळून माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "साहेब, ही लव बघा. ताण्यात धागे एकमेकाला धरून बसतात, फणीत अडकतात. माझा माग दिवसभर उभा राहतो." पुठ्ठा उन्हाला तिरका धरला तर दहातल्या तीन वेढ्यांवर पांढरी कुसं उभी दिसत होती. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

त्या वेळचीच गोष्ट. एका फ्रेमच्या एकाच बाजूला, सलग वीस-पंचवीस स्पिंडलवर धागे फार तुटत होते. रात्रपाळीला निरोप ठेवला होता, "गाईड बदला." नुकत्याच आलेल्या फिटरने इमानेइतबारे तेवढी सगळी लॅपेट बदलली. सकाळी तुटणं तसंच. पोरगं रडकुंडीला आलेलं. "दादा, सगळी नवी टाकली हो, गेज लावून टाकली." त्याची चूक नव्हती, निरोप चुकीचा होता. मी त्याला घेऊन एक अख्खा डॉफ फ्रेमपाशी उभा राहिलो. पहिली पंधरा-वीस मिनिटं धागे पटापट तुटले, नंतर कॉप चढत गेला तसं तुटणं थांबलं. तिथेच उत्तर होतं. लॅपेट बिघडलेलं असतं तर डॉफभर तुटलं असतं. फुगा मोठा असतानाच तुटतंय, म्हणजे दुखणं फुग्याच्या पोटाशी आहे.

स्ट्रोबोस्कोप लावला. त्याच्या लुकलुकत्या उजेडात फिरता धागा जागच्या जागी थिजल्यासारखा दिसतो आणि फुग्याचा फुगवटा डोळ्यांनी मोजता येतो. त्या स्पिंडलांवर फुगा बलून रिंगच्या मागच्या अंगाला टेकत होता आणि पुढच्या अंगाला बोटभर मोकळा. फ्रेम थांबवून तार हातात घेतली तेव्हा मागच्या बाजूला आरशासारखी चकचकीत रेघ होती, पुढच्या बाजूला रुईची पांढरी भुकटी तशीच बसलेली. डॉफिंगच्या वेळी कुणाचा तरी हात किंवा ट्रॉली बलून रिंगच्या पट्टीला लागली असणार. सगळी ओळ पुढे ओढली गेली होती. पाना घेऊन पट्टी जागेवर आणली आणि त्या ओळीचं तुटणं दुसऱ्या दिवशी बाकीच्या फ्रेमसारखं झालं. नवी लॅपेट वाया गेली नाहीत, पण तो खर्च त्या रात्री करायची गरज नव्हती.

झीजही दोघींची वेगळी असते, आणि ती बोटाला कळते. फ्रेम बंद असताना लॅपेटच्या आतल्या कडेवरून नख फिरवा. जुनं झालेलं असेल तर एका ठिकाणी नख अडकतं, धाग्याच्या जाडीएवढी बारीक चर पडलेली असते. धागा दिवसरात्र त्याच जागी टेकतो, म्हणून चरही तिथेच पडते. पॉलिस्टर मिसळलेलं सूत चालवलं तर ही चर कापसापेक्षा लवकर पडते. बलून रिंगवर अशी चर सहसा सापडत नाही. तिथे धागा गोल फिरत घासतो, त्यामुळे झीज पट्ट्यासारखी पसरते. सेंटर बरोबर असेल तर पट्टा सगळीकडे सारखा.

आता "सुधारित गाईड" म्हणून जे विकायला येतं त्याबद्दल. लॅपेटच्या बाबतीत सुधारणा म्हणजे पृष्ठभाग: क्रोमचा कडक मुलामा, सिरॅमिकचा डोळा, चर न पडणारी आणि पिळाला न अडवणारी कड. इथे पैसे घालावेत असं माझं ठाम मत आहे, कारण ही एकच जागा धाग्याला कधी सोडत नाही. बलून रिंगला गुळगुळीतपणा हवाच, पण तिच्यावरचा बराच फायदा नीट लावण्यातून येतो: व्यास, उंची, सेंटर. महागडी बलून रिंग वाकडी बसवली तर साध्या तारेची सरळ बसवलेली बरी.

एक सुधारणा मात्र दोघींत सारखीच मोलाची आहे, आणि ती कागदावरच्या नकाशावर कळत नाही, सांधणाऱ्या बाईच्या हातावर कळते. धागा तुटला की ती गुडघ्याने स्पिंडलचा ब्रेक दाबते, कॉपवरून टोक शोधून ओढते, ट्रॅव्हलरखालून घेते, बलून रिंगच्या फटीतून आत सरकवते, लॅपेटच्या शेपटीत फिरवते, ब्रेक सोडते आणि ते टोक रोलरच्या तोंडाशी येणाऱ्या तंतूंना अलगद लावते. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत. तेवढ्या वेळात रोलरमधून येणारी रुई शोषणनळीत जात असते, म्हणजे वाया. बलून रिंगची फट अरुंद असेल, किंवा तिच्या टोकांना धार राहिली असेल, तर धागा तिथे अडतो, कधी कापला जातो, आणि तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लॅपेटचं वळण फार आवळलेलं असेल तरी तेच. उलट फट सैल ठेवली तर फुग्यातला धागा चालू फ्रेमवर आपणहून बाहेर पडतो. ही फट किती हवी ते ठरवताना गेजबरोबर खात्यातल्या चार जुन्या सायडरणींनाही विचारावं. कोणत्या स्पिंडलवर हात अडतो ते त्या बघताक्षणी दाखवतात.

स्टोअरच्या चिठ्ठीचं काय, तर आमच्याकडे मी शेवटी एवढंच केलं. "गाईड" हा शब्द चिठ्ठीवर बंद करायला लावला. "लॅपेट" लिहायचं किंवा "बलून रिंग" लिहायचं, सोबत रिंगचा व्यास लिहायचा, आणि तक्रार डॉफच्या सुरुवातीला आहे की डॉफभर, तेही त्याच ओळीत. त्या पोराने पहिली चिठ्ठी लिहिली ती अशी: "बलून रिंग, ४० ची रिंग, सुरुवातीला तुटतं." ती वाचून मी स्टोअरकडे गेलोच नाही, पाना घेऊन सरळ फ्रेमकडे गेलो.